पलीकडच्या फुटपाथवरचा कॅमेरा

मित्रांनो, छायाचित्रण विभागाच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात जो काळा-चंदेरी कॅमेरा दिसतो ना, तो मी. माझ्या अंगावरच्या कातड्याचा एक तुकडा निघाला आहे आणि तिथे कुणीतरी काळी चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली आहे. त्या पट्टीवरून मला ओळखा. स्वतःची कहाणी सांगायला अंगात थोडी हौस लागते. ती माझ्यात आता फारशी उरलेली नाही. पण मला वेळ भरपूर आहे आणि तुम्ही बसलाच आहात, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबल होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे डगले घातलेली माणसं मान खाली घालून बसलेली असत. कुणी स्क्रू बसवी, कुणी बारीक दात्यांना तेलाचा थेंब देई. माझे डोळे एका बाईंच्या हाती होते. डोळे म्हणतो, कारण मला ते दोन आहेत. एक मोठा, पुढे मधोमध. ती लेन्स. फिल्मवर जे उमटतं ते तिच्यातून. दुसरा लहान, वरच्या कोपऱ्यात. ती पाहायची खिडकी. फोटो काढणारा आपला डोळा त्या खिडकीला लावतो. म्हणजे माणूस पाहतो वरून आणि मी पाहतो बोटभर खालून. लांबच्या गोष्टींना या बोटभर फरकाने काही बिघडत नाही. जवळ गेलं की मात्र खिडकीत दिसणारं डोकं फिल्मवर येतच नाही, वरच्या वर कापलं जातं. म्हणून त्या बाईंनी खिडकीच्या वरच्या कडेखाली दोन नाजूक खुणा केल्या होत्या. जवळचा माणूस असेल तर त्याचं डोकं या खुणांच्या खाली ठेवायचं, वर जागा रिकामी दिसली तरी दिसू द्यायची. पुढे वापरून वापरून त्या खुणा पुसल्या गेल्या.

माझा पहिला मालक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता. त्याच्या गळ्यात मी खूप वर्षं काढली. उद्घाटनं, मोर्चे, आगी, पूर, बक्षीस समारंभ. सकाळी एकाच्या गळ्यात हार पडताना मी पाहायचो आणि दुपारी दुसऱ्याचं घर जळताना. संध्याकाळच्या आत फोटो टेबलावर गेला पाहिजे, एवढाच त्याचा नियम होता. घाईत तो मला भाकरीसारखा या हातातून त्या हातात फिरवायचा. त्याला जवळचं काढताना खुणा लागायच्या नाहीत, त्याच्या मनगटालाच ते ठाऊक होतं. लोक म्हणायचे, "वा, काय फोटो आहे!" तो म्हणायचा, "कॅमेरा चांगला आहे." तेवढं एक वाक्य मी पुष्कळ दिवस पुरवलं.

मग नवे कॅमेरे आले. त्यांना फिल्म लागत नव्हती, अंधारखोली लागत नव्हती आणि वाट पाहणंही लागत नव्हतं. मी टेबलाच्या खणात गेलो. सोबतीला वाळलेली पेनं, एक तुटका चष्मा आणि कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली. मालक गेल्यावर त्याच्या सुनेने खण रिकामा केला आणि मला कलाशाळेला देऊन टाकलं. वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगतो, तोवर वाईट वाटण्याचाही कंटाळा आला होता.

कलाशाळेत दर वर्षी मी एका नव्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतो. दर वर्षी नवे हात आणि जुन्याच चुका. कुणी लेन्सवरचं झाकण काढायला विसरतं. खिडकीतून सगळं छान दिसत असतं, त्यामुळे पत्ताच लागत नाही, आणि अख्खा रोल काळोखाचा निघतो. कुणाची फिल्म आत नीट अडकवलेलीच नसते. तो दिवसभर आनंदाने खटका दाबत फिरतो आणि फिल्म जागची हललेली नसते. आणि विषय? कबुतरं. चपला शिवणारे हात. बागेतल्या बाकावर बसलेले आजोबा. त्या आजोबांचे मी इतके फोटो काढले आहेत की शेवटी शेवटी ते विद्यार्थ्याकडे न बघता माझ्याकडे बघून मान हलवायचे.

गेल्या वर्षी मी जिच्याकडे गेलो, तिला वर्गात सगळे 'पलीकडची' म्हणत. ते का, ते सांगतो.

त्यांना शिकवणाऱ्या मॅडम बारीक चणीच्या, आवाजाने शांत आणि डोळ्याने फार कडक. गळ्यात दोरीला भिंग. सुरुवातीचे काही आठवडे त्यांनी कुणाला कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. प्रत्येकाच्या हाती पुठ्ठ्याचा तुकडा दिला, मधे चौकोनी भोक पाडलेला. "हा तुमचा कॅमेरा. जा रस्त्यावर. डोळ्यासमोर धरा आणि बघा," म्हणाल्या. मुलं पुठ्ठे धरून रस्त्यात उभी राहिली तेव्हा रिक्षावाले विचारायचे, "काय पोरांनो, ग्रहण आहे का?"

पुठ्ठ्यातूनच मॅडमनी सगळं शिकवलं. चौकटीचे मनातल्या मनात उभे तीन आणि आडवे तीन भाग करा. माणूस मधोमध ठोकून उभा करू नका, त्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे येऊ द्या. रस्त्याची कड, विजेची तार, जिन्याचा कठडा या सगळ्या रेघा बघणाऱ्याचा हात धरून त्याला आत नेतात. कुठे नेतात ते आधी तपासा. दार, कमान, खिडकी सापडली तर चौकटीत चौकट मिळते. जवळचं, मधलं, लांबचं असे तीन थर मिळाले तर सपाट चित्राला खोली येते. कुणाच्या डोक्यातून खांब उगवलेला दिसतोय का, ते बघा. आणि खटका दाबायच्या आधी चारही कोपऱ्यांतून नजर फिरवा, कोपऱ्यात कचरा नको.

"सगळ्यात सोपी युक्ती सांगते," मॅडम म्हणाल्या. "आधी रंगमंच शोधा. चांगली भिंत, चांगला प्रकाश. तिथे उभे राहा. नट आपोआप येतो."

त्यांचा आणखी एक नियम होता. काढलेला फोटो नंतर कापायचा नाही. फिल्मवर जेवढं आलं तेवढं सगळं छापायचं, कडेच्या काळ्या रेघेसकट. "काय ठेवायचं, काय टाकायचं ते काढतानाच ठरवा. नंतर कात्री चालवायची असेल तर केस कापायच्या दुकानात जा."

वर्ग हसला. ही हसली नाही. कारण हिच्या मावशीचं केस कापायचंच दुकान होतं.

आई गेल्यापासून हिला मावशीनेच वाढवलं होतं. दुकान उताराच्या रस्त्यावर, दोन पायऱ्या चढून. आत दोन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक बसे आणि दुसरीवर मावशीने चादर टाकून ठेवली होती. वर्षानुवर्षं हात वर धरून मावशीचा उजवा खांदा कामातून गेला होता. दुपारनंतर ती कंगवा डाव्या हातात घ्यायची आणि कात्री मात्र तशीच दुखऱ्या हाताने चालवायची. कलाशाळेत नाव घालण्याआधी दोघींचं ठरलं होतं. एक वर्ष. दुसऱ्या वर्षाला मोजक्याच मुलांना घेत. तिथे हिला घेतलं तर ही मोकळी. नाही घेतलं तर कॅमेरा परत करायचा, चादर काढायची आणि दुसऱ्या खुर्चीमागे उभं राहायचं.

"मला काय, तू नापास झालीस तर बरंच आहे," मावशी गिऱ्हाइकाच्या कानामागची बट कापता कापता मोठ्याने म्हणायची. "मी काही देवाला तसं सांगितलेलं नाही. पण विचारलं त्याने, तर खोटं बोलणार नाही."

"मावशी!"

"अगं, खरं तेच बोलतेय. हो की नाही हो?" हे गिऱ्हाइकाला. गिऱ्हाइकाच्या मानेशी कात्री असल्यामुळे ते हो म्हणायचं.

रस्त्यावर काढलेल्या पहिल्याच रोलात हिला फटका बसला. एक बाई कुठल्याशा बंद दुकानाच्या ओट्यावर बसून डबा खात होत्या. खाली टेकलेली छत्री, मागे दाराची चौकट, सगळं जमलेलं. ही जवळ गेली आणि मला वर उचललं. बाईंनी घास खाली ठेवला. "माझं तोंड काय रस्त्यावर पडलंय का गं? विचारायची पद्धत आहे की नाही?" बाईंचं चुकलं नव्हतं. हिने मान खाली घातली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवर गेली. त्यानंतर फोटो काढायला ती अलीकडे आलीच नाही.

पलीकडून हिने जे काढलं ते फार देखणं होतं. तेवढं मी प्रामाणिकपणे सांगतो. सकाळी मावशीच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर दोन इमारतींमधल्या फटीतून उन्हाचा तिरका पट्टा पडायचा. ही समोर उभी राहायची. पोस्टमन पट्ट्यात येई, छत्री येई, सायकल येई, आणि बरोबर ज्या जागी यायला हवी त्याच जागी ही खटका दाबी. सावल्या, रेघा, त्रिकोण. पाठमोरी माणसं. काडीएवढी माणसं. माझं काम सोपं होतं. लांबून मला चुकताच येत नाही. उन्हात उभं राहून राहून माझा पट्टा तिच्या मानेला चिकटायचा आणि मला वाटायचं, असंच चालू दे. वर्ष सरेल, मी कपाटात जाईन.

सहामाहीला मॅडमनी कॉन्टॅक्ट शीटं मागवली. म्हणजे एकाच कागदावर रोलमधल्या सगळ्या फोटोंची चिमुकली छपाई. निवडक फोटो कुणीही दाखवतं. शीटवर मात्र माणूस रस्त्यावर कसा वागला ते सगळं दिसतं. कुठे थांबला, कुठे घाबरला, कुठून परत फिरला. मॅडमनी भिंग लावून हिच्या शीटवरून नजर फिरवली. मग मोठा छापलेला एक फोटो घेऊन तो उलटा धरला. वर-खाली करून बघितला की चित्रातलं माणूस विसरायला होतं आणि नुसती बांधणी दिसते, ही त्यांची पद्धत.

"बांधणीत खोट नाही," त्या म्हणाल्या. "घर पक्कं बांधलंयस. राहायला कुणी आलेलं नाही."

हिने मान वाकडी करून त्या उलट्या फोटोकडे पाहिलं.

"ही माणसं आहेत की स्वल्पविराम?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ती रस्ता ओलांडत नाही. पलीकडचीच आहे ती." तेव्हापासून ते नाव.

मॅडम हसल्या नाहीत. "वर्षाअखेर दहा फोटो द्यायचे आहेत. तुझ्या दहांतला एक दोन हातांच्या अंतरावरून काढलेला हवा. चेहरा दिसला पाहिजे. उभं करून काढलेला चालणार नाही, हा रस्ता आहे, स्टुडिओ नाही. तो नसला तर बाकीचे नऊ मी उघडणारसुद्धा नाही."

पुढचे महिने मी जे पाहिलं ते सांगायचाही शीण येतो. रोज ही रस्त्याच्या कडेपर्यंत यायची. फळवाल्याकडे बघायची, मला छातीपर्यंत उचलायची आणि परत खाली सोडायची. एकदा अर्धा रस्ता ओलांडून मधेच थांबली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी तिला बोल लावले. रात्री जेवताना मावशी विचारी, "आज कुणी सापडलं?" ही मान हलवी. मावशी आमटी वाढता वाढता म्हणे, "चादर धुवून ठेवते मग," आणि मग स्वतःच वाईट वाटून आणखी एक चमचा वाढी.

शेवटी तिने काचवाल्या काकांना निवडलं. काका उतारावरून खिडक्यांच्या काचा न्यायचे. पाठीवर पट्टे आणि खांद्याला टेकवलेली माणसाएवढी काच. काचेत आभाळ असायचं, समोरची घरं असायची. म्हातारा जणू रस्त्याचा तुकडा उचलून चालला आहे असं दिसायचं. पलीकडून तिने त्यांना कितीदा काढलं होतं. त्या दिवशी काका मावशीच्या पायरीशी दम खायला थांबले आणि म्हणाले, "परवापासून मी नाही. मुलीकडे चाललो, कायमचा. पुरे झाल्या काचा."

पलीकडचीने रस्ता ओलांडला. माझा पट्टा तिने इतका घट्ट धरला होता की त्याची शिवण उसवायची बाकी होती.

"काका, तुमचा एक फोटो काढू? तुम्ही थांबू नका. चालत राहा. मी बाजूने येते."

"चालत नाही तर काय, काच घेऊन नाचू?" काका म्हणाले. "काढ की. फक्त हसवू नकोस. पोट हललं की काच हलते."

मावशी कात्री घेऊन दारात आली. "बघा हं काका, आमच्या मुलीने रस्ता ओलांडलाय! आज काहीतरी फुटणार!"

काका हसायचं नाही म्हणून ओठ दाबत चालले होते. कपाळावर घाम, डोळ्यांत खट्याळपणा, काचेत तिरकं झालेलं आभाळ. ही दोन हातांवरून त्यांच्याबरोबर मागे मागे पावलं टाकत चालली होती आणि खटका दाबत होती. खिडकीतून तिला काकांचा पूर्ण चेहरा दिसत होता, डोक्यावर बेताची जागा, सगळं वहीत आखल्यासारखं.

मला मात्र खालून दिसत होतं, मित्रांनो. गळा. पट्टे. खांदे. काच. हनुवटीच्या वर काही नाही. एकामागून एक, एकामागून एक, सगळे तसेच. थांब, मला जरा वर उचल, एवढंच मला सांगायचं होतं. मला तोंड नाही. दर वर्षी जो पहिल्यांदा जवळ जातो त्याच्या हातून पहिलं डोकं असंच जातं. दर वर्षी मी पाहत राहतो.

रोल संपला. काकांनी कोपऱ्यावर वळताना काचेमागून हात हलवला. ही पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी हसली. "मावशी, जमलं!"

"जमलं ना?" मावशी म्हणाली. आवाज आनंदाचा होता. मग ती आत गेली आणि दुसऱ्या खुर्चीवरची चादर उगीचच पुन्हा नीट केली.

अंधारखोलीत लाल दिव्याखाली शीटचा कागद औषधात बुडला आणि हळूहळू काकांच्या रांगा उमटल्या. डोकं नसलेल्या काकांच्या. शेजारी उभा असलेला वर्गमित्र म्हणाला, "अगं, यांचं डोकं काय काचेत राहिलं?" मग तिचं तोंड बघून त्याने तिला टॉवेल दिला, हात पुसायला.

मॅडमनी शीट बराच वेळ पाहिलं.

"दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. हातात दिला त्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"हो मॅडम."

"विसरलीस?"

"लांबून काढताना लागतच नाही ते." तिने शीटवरच्या एका फोटोवर बोट ठेवलं. "यातला एक... हा. काचेत मागची माणसं दिसतायत. त्यांचे चेहरे आहेत. हा चालेल?"

मॅडमनी तो भिंगातून पाहिला, उलटा पाहिला. चांगला होता. मलाही माहीत होतं.

"सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हा अपघात आहे. अपघात तुझ्या नावावर कसा धरू? सोमवारी सगळ्यांचे दहा-दहा फोटोंचे गठ्ठे घेणार आहे."

काका मुलीकडे निघून गेले होते. उद्या शनिवार होता. घरी आल्यावर तिने मला टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मावशीने जेवण झाकून ठेवलं.

"डोकंच गेलं म्हणे," मावशी शेवटी म्हणाली.

"सगळ्यांत."

"माझ्याकडेही व्हायचं असं. पहिल्या वर्षी एकाचा कानच कापला होता मी. थोडासा." ही वळली नाही. मावशी पलंगाच्या कडेवर बसली आणि खांदा चोळू लागली. "मग आता?"

"आता काही नाही. चादर काढ."

मावशीला जे हवं होतं ते समोर आलं होतं. तिने काही न करता नुसतं झोपायला जायचं होतं. मी टेबलावरून पाहत होतो. ती उठली, दिवा मालवायला हात वर केला, तो दुखला म्हणून दुसऱ्या हाताने मालवला, आणि अंधारातच बोलली.

"माझा फोटो काढलेला मला आवडत नाही, तुला माहीत आहे. मान वाकडी येते माझी. लोकांच्या कानामागे बघून बघून तशीच राहिली ती. मी काही कुणासाठी उभी राहणार नाही."

"मी विचारलंय का तुला?"

"नाही विचारलंस. म्हणून सांगते. कापड झटकायला मी रोज बाहेर येते. पायरी माझी आहे. तिथे यायला मी कुणाला विचारत नाही. समोर कोण उभं आहे ते बघतही नाही."

सकाळी उन्हाचा पट्टा भिंतीवर सरकत सरकत दाराच्या चौकटीला भिडला होता. पलीकडची रस्त्याच्या अलीकडे, पायरीखाली उभी होती. पाठीमागून सायकली घंटी वाजवत जात होत्या. आत पहिल्या गिऱ्हाइकाचं आटोपलं. मावशी पांढरं कापड चार कोपऱ्यांनी धरून बाहेर आली.

पलीकडचीने मला डोळ्याला लावलं. जसं शिकली होती तसंच तिला सगळं दिसत होतं. दाराची चौकट, त्यात मावशी, डोक्यावर बेताची जागा. मग तिने श्वास घेतला आणि मला वर उचललं. बोटभर वर. आता खिडकीत मावशीचं डोकं भलत्याच ठिकाणी खाली गेलं. वर नुसती रिकामी भिंत आणि पाटीची खालची कड. इतके महिने जे टाळायला शिकली ते सगळं त्या खिडकीत होतं. डोळा म्हणत होता, खाली घे. तिचा हात किंचित खाली आला. मग पुन्हा वर गेला आणि तिथेच राहिला.

कापड झटकलं गेलं. कापलेले केस उन्हात उधळले.

तिने एकदाच खटका दाबला.

मला काय दिसलं, ते सांगतो. दाराच्या काळोखातून अर्धी उन्हात आलेली एक बाई. फुगलेलं पांढरं कापड. हवेत केसांचे बारीक तुकडे, ठिणग्यांसारखे. उजवा खांदा वर जाताना आवळलेले ओठ. मान एका बाजूला कललेली. आणि डोळे सरळ समोरच्या मुलीवर. त्यात हसू नव्हतं. दमलेले डोळे होते ते, आणि तरी बघत राहिलेले.

"काढलास?" मावशी म्हणाली.

"हो."

"मग झाडू घे. रोज मी वाऱ्याकडे पाठ करून झटकते, आज वाऱ्यासमोर झटकलं. सगळे केस माझ्याच पायरीवर आलेत."

पलीकडची झाडू घेऊन वाकली. ती रडत होती की केस डोळ्यांत गेले होते, मला सांगता येणार नाही. मी तिच्या पाठीवर होतो.

सोमवारी मॅडमनी गठ्ठ्यातला वरचा फोटो काढला. उलटा केला. बराच वेळ तसाच धरला. मग सरळ केला आणि भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

"उभं केलंस यांना?"

"नाही मॅडम. त्या आपणहून आल्या."

मॅडमनी पुन्हा एकदा फोटोतल्या बाईकडे पाहिलं. मग तो टेबलावर सुलटा ठेवला आणि हात पुढे केला. "बाकीचे नऊ दे."

दुसऱ्या वर्षाच्या यादीत तिचं नाव लागलं तेव्हा मी तिच्या गळ्यात होतो. ती धावत घरी गेली नाही. उतार हळूहळू चढली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मावशी आरशाची काच पुसत होती.

"घेतलं?"

"घेतलं."

"बरं झालं," मावशी म्हणाली. मग दोघी उगीचच आरसा पुसू लागल्या, एकच फडकं घेऊन.

मग पलीकडचीने दुसऱ्या खुर्चीवरची चादर काढली. "बस इथे."

"अगं, भलतंच काय! कुणी आलं म्हणजे?"

"आलं तर थांबेल. बस."

मावशी बसली. एवढ्या वर्षांत ती त्या खुर्चीत पहिल्यांदा बसत होती. हिने कोमट पाण्यात टॉवेल पिळून तिच्या खांद्यावर ठेवला आणि अंगठ्याने हळूहळू दाबू लागली. दारात एक गृहस्थ आले. आत बघून चपला काढाव्यात की नाही अशा विचारात उभे राहिले. "आज बंद आहे का?"

"नाही हो," मावशी डोळे मिटूनच म्हणाली. "आज मीच गिऱ्हाईक आहे. तुमचा नंबर नंतर."

उद्यापासून मावशी पुन्हा एकटीच उभी राहणार होती. हे दोघींना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मला परत करायला ती विभागात आली. भांडारातल्या बाईंनी झाकण बघितलं, पट्टा बघितला आणि म्हणाल्या, "ठेव तिकडे." फळीवर ठेवण्याआधी तिने मला उघडून आत फिल्म राहिली नाही ना ते पाहिलं. मऊ फडक्याने लेन्स पुसली. मग कानाशी धरून रिकामाच खटका दाबला. आत ताणून बसलेली स्प्रिंग सैल झाली. मित्रांनो, हे फार कमी जण करतात. बहुतेक जण पुढच्या फोटोसाठी मला ताणतात आणि तसंच विसरून जातात. मग सुटीभर, कधी वर्षभर, मी कपाटात ताणलेलाच बसतो. बाहेरून कळत नाही. माझ्यासारख्यांची चाल बिघडते ती कामाने नव्हे, या अशा बसून राहण्याने.

म्हणून एवढंच मागणं आहे. मला वापरा, हवं तेवढं वापरा. उन्हात उभं करा, गर्दीत न्या, माझ्याबरोबर चुका करा. फक्त काम झालं की ठेवण्याआधी तो खटका एकदा सोडा. आणि घरी जाल तेव्हा बघा, तिथेही दिवसभर कुणीतरी उभं असेल. त्यांना नुसतं 'बसा' म्हणून भागत नाही. खुर्ची ओढून द्यावी लागते.